राजाच्या मागे कोण चालणार

विमानातून कुवेत पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं, कोणीतरी खाली पीठ सांडून ठेवलंय आणि त्यावर बोटाने रेघा मारल्यात. रेघा म्हणजे रस्ते. झाड कुठे दिसेना. वसईच्या वाडीतून निघाले तेव्हा केळीच्या पानांवरून दव ठिबकत होतं. इथे सगळं कोरडं आणि उजळ, झोपेत पाहिल्यासारखं.

माझी लेक सिल्वी जाब्रियाला एका हॉस्पिटलात नर्स आहे. नातीला सांभाळायला तिने मला तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. नात रिया सात वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, आणि आमचं दोघींचं छान चालायचं.

पहिले चार दिवस मी घराबाहेर पडले नाही. समोरच्या मातकट इमारतीवर ऊन इतकं सारखं पडे की सकाळ कुठली, दुपार कुठली कळत नसे. पाचव्या दिवशी रिया मला हात धरून खाली घेऊन गेली. भट्टीतून गरम खबूस (तिथली गोल रोटी) आणली आणि घरून नेलेले सुके बोंबील भाजले. वास जिन्यात गेला. शेजारची बाई दार उघडून बघायला लागली तशी मी घाबरून गॅस बंद केला. बाई केरळची निघाली. आत आली, एक बोंबील मागून घेतला आणि उभ्याउभ्या खाऊन गेली.

एका संध्याकाळी सिल्वी मला दस्मानला समुद्रावर घेऊन गेली. आमचा समुद्र आवाज करतो, गाळ आणतो. हा गप्प होता. आभाळ आणि पाणी एकाच रंगाचं झालं होतं, मधली रेघ पुसून गेली होती. तिथेच जवळ राजवाड्याची लांब भिंत आहे.

"आत राजाजवळ कोण बसत असेल गं?" मी विचारलं.

"ते मला काय माहीत, मम्मी. आमच्या राजाच्या, ख्रिस्तराजाच्या, देवळात जागेवरून काय चाललंय ते ऐक."

मग तिने सांगितलं. तिथल्या देवळाच्या (आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो) आवारात एक छोटा हॉल आहे. प्रत्येक भाषेच्या लोकांनी आपापल्या मिस्सेसाठी (उपासनेसाठी) तो वाटून घेतलाय. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी दोनचा तास मराठीचा. पण मराठी माणसं कमी होत चालली होती, कोणी गावी परतलं, कोणी कॅनडाला गेलं. कोंकणी लोक वाढले होते, त्यांना तो तास हवा होता. फादरने दोघांना सांगितलं होतं, ख्रिस्तराजाच्या सणापर्यंत आपसात ठरवा, नाहीतर त्या वेळेला हॉलला कुलूप.

"महिन्यातून एकदाच मी देवाशी मराठीत बोलते," सिल्वी म्हणाली. "पेशंटशी अरबी, डॉक्टरशी इंग्रजी, घरी रियाशी अर्धं अर्धं. तो तास गेला की…" आम्ही पाण्याकडे बघत बसलो.

पुढच्या शुक्रवारी मी देवळात गेले. मागच्या बाकावर, खांबाआड जागा मिळाली. तिथून सगळं दिसतं आणि आपण कोणाला दिसत नाही. मिस्सा संपल्यावर अंगणात दोन्ही बाजूंचे लोक जमले. मराठी लोकांचे पुढारी मार्शलभाऊ, एका कंपनीत अकाउंटंट, जाड मिशांचे. कोंकणी लोकांची पुढारी बेनिता, गोव्याची, उंच बाई. सणाला ख्रिस्तराजाची मूर्ती आवारात भिंतीच्या आतल्या आत फिरवतात आणि तिच्यामागे प्रत्येक भाषेचे लोक आपापली मूर्ती घेऊन चालतात. राजाच्या अगदी मागे कोण, हा आता नवा वाद.

"ही मिरवणूक सुरू केली ती आम्ही," मार्शलभाऊ म्हणाले.

"तेन्ना तुमी मूठभर, आमी पन मूठभर. आतां आमी हॉलांत मावनांत," बेनिता म्हणाली.

"कोंकणी म्हणजे काय, आमचीच भाषा, समुद्रात भिजलेली."

"आनी तुमची वाळून कडक जाल्ली."

लोक हसले, पण दोघं हसली नाहीत. फादर तामिळ, बारीक, नेहमी दमलेले. ते हिंदीत म्हणाले, "आप लोग आपस में बात करो. मुझे किंग का कपड़ा प्रेस करवाना है." आणि निघून गेले. मला वाटलं, राजाच्या दरबारात राजाचं काम करणारा एवढा एकच माणूस आहे.

आमच्या मरियामातेची डोली जलीब या कामगारवस्तीत बनवायला दिली होती. ती बघायला सिल्वीबरोबर मीही गेले. अरुंद गल्ल्या, गॅलरीत वाळत घातलेले कामाचे निळे कपडे, एकेका खोलीत सहा सहा माणसं. दत्ताराम नावाचा सुतार राजापूरकडचा, हिंदू. कॉटवर बसून तो डोलीच्या दांड्याला पॉलिश घासत होता.

"खांद्याला टोचणार नाही ना?" सिल्वीने विचारलं.

"वयनी, शिमग्याला पालखी नाचवतो आम्ही. दांडा कसा असतो ते मला सांगू नका." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, तुम्ही पुढे धरा. म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर देव गप बसतो."

मला नाही म्हणता आलं नाही. अनोळखी माणसाला मला कधीच नाही म्हणता येत नाही.

सणाच्या दिवशी दुपार कलल्यावर अंगणात हवा थंड झाली. राजाची मूर्ती फाटकाजवळ उभी होती, लाल झगा, सोनेरी मुकुट, चेहरा मात्र प्रवासातून आल्यासारखा. एकमेकांच्या मागे उभं राहायचं नाही म्हणून मराठी लोक देवळाच्या एका अंगाने निघाले, कोंकणी दुसऱ्या अंगाने. जो आधी फाटकाशी पोचेल तो राजाच्या मागे. डोलीला आम्ही चौघी वसईकरणी, पुढे मी आणि सिल्वी. पायाखाली लाद्या, भोवती उदाचा धूर, भिंतीपलीकडे गाड्यांचा आवाज समुद्रासारखा. मी आपल्याच गावच्या रस्त्यावर चालतेय असं मला वाटायला लागलं.

फाटकाकडे वळायच्या कोपऱ्यावर दोन्ही वाटा मिळतात, एसीच्या यंत्रांची गरम हवा येते आणि वाट अरुंद होते. तिथेच समोरून त्यांची डोली आली. दोन्ही थांबल्या.

"हलायचं नाही," मागून मार्शलभाऊ हळूच म्हणाले.

आमच्या गावात दोन मूर्ती वाटेत भेटल्या की लांबून आलेली मूर्ती आधी वाकते. खांद्यावरच्या बायका गुडघा मोडतात, डोली खाली झुकते. मग यजमान मूर्ती बाजूला होते, पाहुणीला पुढे घालते आणि मानाने आत नेते. लहानपणापासून मी हे केलंय. त्या घटकेला माझ्या मनात काहीच नव्हतं, ना तास, ना हॉल. मी लांबून आलेली, समोर मूर्ती दिसली आणि माझा गुडघा मोडला. माझ्याबरोबर बाकी तिघींचाही मोडला. सिल्वीचासुद्धा. मरियामाता छान झुकली.

कोंकणी लोकांना ही रीत माहीत नव्हती. त्यांना वाटलं, वाट दिली. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आमच्या आधी फाटकाकडे वळून गेले.

फादर पायरीवर उभे राहून बघत होते. शेवटी वेदीवरून त्यांनी हात जोडले आणि सांगितलं की मराठी लोकांनी वाकून मोठं मन दाखवलं, भांडण मिटलं, दोनचा तास आता कोंकणी मिस्सेला. सगळं देऊळ आमच्याकडे वळून टाळ्या वाजवू लागलं. मार्शलभाऊंना उभं राहून हसावं लागलं.

बाहेर आल्यावर ते माझ्याशी एवढंच बोलले, "मावशी, आम्ही इतकी वर्षं जपलं, तुम्ही एका गुडघ्यात दिलं." सणाच्या जेवणाला आलेला दत्ताराम मध्ये पडला, "भाऊ, आमच्याकडेपण पालख्या भेटतात. भेटीत कोण हरत नाही." भाऊ गाडीकडे निघून गेले.

सिल्वी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी युनिफॉर्म इस्त्री करताना म्हणाली, "मला राग तुझा नाही येत. माझा पण गुडघा वाकला, त्याचा येतो."

त्याच दुपारी ती ड्युटीवर असताना बेल वाजली. दारात बेनिता, हातात दोदोलचा (गोव्याची नारळ-गुळाची मिठाई) डबा. मी तिला आत बसवलं, चहा ठेवला.

"देव बरें करूं (देव तुमचं भलं करो), मावशी. तुमी आमकां वाट दिली."

आता बोलले नसते तर ते तसंच राहिलं असतं. मी कपाकडे बघत सांगितलं, "वाट नव्हती दिली, बाय. नमस्कार केला होता. आमच्यात पाहुणा आधी वाकतो. मग घरवाल्याने त्याला पुढे घालून न्यायचं असतं."

चहावर साय धरली.

"म्हणजे आमी चुकलों," ती मराठीत यायचा प्रयत्न करत म्हणाली. "पण तास परत दिला तर माझे लोक मला खातील." मग पदर नसताना पदर सावरावा तसा हात खांद्यावर नेत म्हणाली, "त्या मिस्सेत पहिलें गीत आणि पहिलें वाचन तुमचें. तुमी आधी आत यायचें, आमी मागून."

सिल्वीला सांगितलं तर ती म्हणाली, "मिस्सा गेली आणि गीत मिळालं." मार्शलभाऊ फोनवर म्हणाले, "स्वतःच्या घरात पाहुणे होऊन गायचं? मी नाही येणार."

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही थोडीच माणसं गेलो. बेनिता दाराशी थांबली होती आणि तिच्यामागे सगळी रांग. कोणी आत गेलं नव्हतं. आम्ही पुढे गेलो. मी खांब शोधत होते, त्या हॉलला खांबच नव्हता. सिल्वीने गीत सुरू केलं, आवाज आधी कापत होता. दुसऱ्या ओळीला मागून कोंकणीतून सूर आला, कारण चाल तीच होती. शब्द वेगळे वेगळे चालले होते आणि सूर एकच. उन्हात धुळीचे कण हलत होते. मला वेळ कळेनासा झाला. रिया माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

जानेवारीत मी परत आले. वाडीत बायका विचारतात, काय पाहिलंस? मी समुद्र सांगते, खबूस सांगते, राजवाड्याची भिंत सांगते. मी बरं केलं की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही. मराठीचा तास माझ्या गुडघ्याने गेला हे खरं आहे. त्या दाराशी इतकी माणसं आमच्यासाठी थांबली हेही खरं आहे.

परवा सिल्वीचा फोन आला. पहिला शुक्रवार झाला होता. मी विचारलं, मार्शलभाऊ आले का?

"आत नाही येत. दाराबाहेर उभे राहून गातात."

"आत ऐकू येतं का?"

"येतं ना," ती म्हणाली. "सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच."