भाऊबीज, भूत आणि व्हय म्हाराजा

मी माझ्या सख्ख्या बहिणीला सिनेमा दाखवून मारलं, असं मला गेल्या भाऊबीजेला साधारण अकरा मिनिटं वाटत होतं.

अकरा मिनिटं हा हिशेब माझ्या मुलीचा. वीज गेली तेव्हा तिनं मोबाईलवर वेळ पाहिली आणि आली तेव्हाही पाहिली. मला विचाराल तर त्या अकरा मिनिटांत माझा एक अख्खा पितृपक्ष होऊन गेला!

आम्ही मुळगावचे. माझी थोरली बहीण शालूताई पेडण्याला दिलेली. आईबाबा गेल्यापासून तिला माहेर म्हणून मी आणि मला दटावणारं मोठं माणूस म्हणून ती, एवढंच उरलं आहे. दर भाऊबीजेला मी, बायको सुनंदा आणि मुलगी केतकी दुपारच्या जेवणाला तिच्याकडे जातो. बाहेर शरदातलं ऊन रणरणत असतं. जेवून झालं की पुढच्या खोलीची दारं लावायची, जनेलांवर, म्हणजे खिडक्यांवर, आणि स्वयंपाकघराच्या दारावर गोधड्या टांगायच्या आणि सगळ्यांनी मिळून टीव्हीवर एक सिनेमा बघायचा. मग चहा, आणि दिवेलागणीला ताईनं मला ओवाळायचं. आमची दिवाळी अशी संपते.

सिनेमा दरवर्षी तोच. ताईचा लाडका. त्यातला भाऊ इतका चांगला आहे की मला त्याचा राग येतो. बहिणीच्या लग्नासाठी तो बैल विकतो, जमीन विकतो, शेवटी भरल्या पुरातून पोहत जाऊन तिच्या सासरी साडी पोचवतो. (साडी कोरडी राहते. कशी, ते दिग्दर्शकालाच ठाऊक!) नावं पडायला लागली की ताई टॉवेल घेऊन बसते. पुराचा प्रसंग आला की डोळे पुसत म्हणते, "असो भाव होयो!" आणि माझ्याकडे बघते.

ती सहजच बघते हो! पण मी नजर चुकवतो. कारण तिच्या बाबतीत माझ्या हातून बत्तीस वर्षांपूर्वी एक पाप घडलं होतं, आणि ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पडद्यावरचा भाऊ पुरात पोहायला लागला की मी इकडे खुर्चीत बुडायला लागायचो.

गेल्या वर्षी मी ठरवलं, पुरे झालं. तो सिनेमा असलेला पेन ड्राइव्ह आमच्याकडे असतो. तो मी तांदळाच्या डब्यात खोल पुरला आणि चेहरा पाडून केतकीकडे गेलो.

"केतू, तो पेन ड्राइव्ह बिघडला वाटतं. तुझ्याकडचा एखादा सिनेमा घे."

"बाबा, माझ्याकडे आता एकच चांगला आहे. पण भुताचा आहे."

"त्यात कोणी चांगला भाऊ आहे का?"

"एक भाऊ आहे. पहिल्या दहा मिनिटांत मरतो."

"तोच घे!"

जुना सिनेमा बिघडल्याचं ऐकून ताई हिरमुसली. पण भुताचा आहे म्हटल्यावर तिनं कधी नव्हे ती पुढची खुर्ची धरली. माझे भावोजी, म्हणजे तिचे यजमान, पिठाची गिरण चालवतात. आयुष्यभर गिरणीच्या घरघरीत काढल्यामुळे त्यांना कुठल्याच आवाजाचं काही वाटत नाही. ते जेवून खाली चटईवर आडवे झाले. सुनंदा आणि केतकी एकाच चादरीत शिरल्या. सिनेमा सुरू झाला. एक कुटुंब डोंगरातल्या बंगल्यात राहायला जातं. बंगल्यात आधीपासून कोणीतरी राहत असतं. दहाव्या मिनिटाला भाऊ मेला. मला बरं वाटलं.

आणि त्याच क्षणी मला डॉक्टर आठवले!

गणपतीच्या चवथीनंतर ताईच्या हृदयाची तक्रार निघाली होती. नळी घालावी लागली. घरी सोडताना भावोजी औषधं आणायला गेले होते, म्हणून डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांच्या मनाला धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका." मी मान हलवली होती. (मान हलवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.) नंतर ताई हिंडूफिरू लागली आणि मी ते विसरूनही गेलो. आता पडद्यावर एक पांढरा हात कपाटातून बाहेर येत होता, आणि समोर नळी घातलेली माझी एकुलती एक बहीण बसली होती.

"ताई, बंद करूया का?" मी हळूच विचारलं.

"कशाक?"

"नाही, म्हणजे... उगाच तुला त्रास."

"माका कसलो त्रास? तूच पाय वर घेऊन बसलंस तो!"

मी खाली बघितलं. माझे दोन्ही पाय खरंच खुर्चीवर होते.

त्यानंतर मी पडदा बघणं सोडलं आणि ताईला बघू लागलो. ती छातीशी हात नेई, माझा जीव जाई. ती पदर सारखा करून हात खाली घेई, माझा जीव परत येई. "अगो बाये, थंय जाऊ नको गो!" असं ती त्या सिनेमातल्या बाईला ओरडून सांगे आणि मी तिच्या कपाळावर घाम आहे का ते बघे. घाम होता. गोधड्या टांगलेल्या खोलीत सगळ्यांनाच होता, पण माझ्या डोक्यात एकच: डॉक्टर!

खरं सांगून टाकावं, असं दोनदा तोंडाशी आलं. पण सांगायचं म्हणजे डॉक्टरांचं सांगावं लागणार, मग हा सिनेमा का आणला ते, मग तांदळाचा डबा, आणि डब्याच्या मागोमाग ते बत्तीस वर्षांपूर्वीचं! मग मला स्वतःचीच लाज वाटू लागली. निदान तिचा घाम तरी नजरेआड करावा म्हणून मी डोळे मिटून घेतले. सिनेमातल्या किंकाळ्या मिटल्या डोळ्यांनी दुप्पट ऐकू येतात, हा अनुभव मी तेव्हा घेतला.

शेवटी सिनेमातली बाई "तळघरात बघून येते" म्हणाली आणि पायऱ्यांवर तिची पावलं वाजू लागली. दार कुरकुरलं. मी एक डोळा उघडला आणि वीज गेली!

काळोख. असा काळोख की स्वतःचा हात दिसेना. तेवढ्यात माळ्यावर धप्प असा आवाज झाला. मग खालून, जमिनीजवळून, घर्रर्र... घर्रर्र... असं कुणीतरी घशातून ओढून श्वास घ्यायला लागलं.

"ताई?" मी म्हटलं.

उत्तर नाही.

"ताई गो?"

उत्तर नाही. मी हात पुढे करून तिची खुर्ची चाचपली. खुर्ची रिकामी! बैठक अजून गरम होती. म्हणजे ताई खाली पडली होती आणि ही घरघर तिचीच होती! (खाली चटईवर भावोजी झोपले आहेत, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं. पण भीती वाटायला लागली की माझी आठवण आधी पळते.)

"केतू! मोबाईलची बॅटरी लाव!"

"मी चादरीतून डोकं बाहेर काढणार नाही!" चादरीच्या आतून आवाज आला.

"सुनंदा!"

"अहो, मला हलवू नका!"

आमच्याकडे अशा वेळी माणूस एकच गोष्ट करतो. हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालतो. एकानं मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. मध्ये बोलायचं नाही, न म्हणता राहायचं नाही. खरं तर दुसऱ्याच्या घरात मी गाऱ्हाणं घालणं रीतीला धरून नव्हतं, तो मान घरच्या मालकाचा. पण माझी बहीण जात होती!

"बा देवा म्हाराजा!" मी काळोखात आरोळी ठोकली. "ह्या जाग्याच्या राखणदारा! आज तुझ्या लेकरांवर संकट पडला आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चादरीतून दोन आवाज आले.

"माझ्या भैणीचो जीव सांभाळ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथेच थांबायला हवं होतं. पण गाऱ्हाण्यात चूक कबूल केल्याशिवाय देव ऐकत नाही, असं आमच्या बाबांनी शिकवलेलं. आणि माझ्याकडे चुकांचा साठा भरपूर!

"तिका धक्को देऊ नको म्हणान डॉक्टरांनी सांगितला होता, ता मी इसारलंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सुनंदाच्या आवाजाला चांगलीच धार होती.

"जुन्या सिनेमाचो पेन ड्राइव्ह बिघडूक नाय. तो मी तांदळाच्या डब्यात लपवलंय, म्हाराजा!"

"व्हय म्हा... काय?" केतकी.

"गाऱ्हाण्यात मध्ये बोलू नये," सुनंदा कुजबुजली. "व्हय म्हाराजा म्हण. घरी गेल्यावर बघू."

"व्हय म्हाराजा!"

आणि अचानक ती घरघर थांबली. एकदम. गेली! माझी ताई गेली! आता लपवून काय करायचं होतं? मी हात आणखी वर केले आणि बत्तीस वर्षांचं बूच उडालं.

"म्हाराजा! ताईचा लगीन कारापूरच्या मास्तराकडे जमत इल्ला! बाबांनी होकाराचा पत्र माझ्या हातीन धाडला! मी कारापुराक गेलंयच नाय! बसच्या पैशांनी डिचोलीक सिनेमाक गेलंय, आणि पत्र थंयच खुर्चीर इसारलंय! होकार पोचलो नाय, ते लोक रागावले, लगीन मोडला! माझ्या भैणीच्या नशिबाचा वाटोळा मी केलंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी आवाज चार आले. एवढ्या भीतीतही मी मोजले. सुनंदा, केतकी, जमिनीवरून एक भरदार पुरुषी आवाज, आणि स्वयंपाकघराच्या दारातून चौथा. तो बाईचा होता. मी जन्मापासून ओळखत होतो तो!

वीज आली.

स्वयंपाकघराच्या दारात, गोधडी खांद्यानं सारून, शालूताई उभी होती. हातात चहाचा ट्रे. तळघराचं दार कुरकुरलं तेव्हाच, मी डोळे मिटून बसलेलो असताना, ती चहा टाकायला आत गेली होती. खाली चटईवर भावोजी डोळे चोळत उठून बसत होते. माळ्यावरून मांजर खाली बघत होतं. आणि खोलीच्या मधोमध मी, हात आकाशाकडे, घामानं निथळत.

ताईनं ट्रे टेबलावर ठेवला. एकही कप वाजला नाही. त्या शांततेपेक्षा मला सिनेमातलं तळघर परवडलं असतं.

"ता पत्र तू टाकलंस?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"कसला पत्र?" भावोजी म्हणाले. "माका सारख्या आयकूक येवंक नाय."

"आयकूक येवंक नाय तर व्हय म्हाराजा कशाक म्हटलास?" ताई त्यांच्यावर उखडली.

"गाऱ्हाणा होता. म्हणूचाच लागता."

"ताई," मी म्हटलं. "तू हवं ते बोल. पुढच्या वर्षी बोलावू नकोस. आज ओवाळूही नकोस. पण छातीला हात लावून आधी सांग, दुखत नाही ना?"

ती दोन पावलं पुढे आली. मग खुर्चीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. झालं, मला वाटलं, आता रडणार. खांदे हलायला लागले. पण पदर बाजूला झाला तेव्हा ती हसत होती!

"अरे पिशा! माका तो मास्तर नको होतो!"

"आं?"

"बघूक इल्लो तेव्हा माका सतराचो पाढो विचारल्यान! सगळ्यांच्या देखत! बाबांका नको म्हणान सांगूचो धीर माका होवंक नाय. तू पत्र घेऊन भायर पडलंस, तसो मी घरामागच्या परड्यात जाऊन आपल्या मुळगावच्या राखणदाराक गाऱ्हाणा घातलंय. देवा, ह्या पत्र पोचू देऊ नको, दर वर्सा तुका रोट देयन. आणि पत्र पोचूक नाय!"

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला. दर वर्षी ताई माझ्याकडे एक पिशवी देते. त्यात जाड भाकरीचा रोट, नारळ आणि विड्यांचं बंडल असतं. "आपल्या राखणदाराक ठेव," एवढंच सांगते. मी विचारलं नाही कधी. पापी माणसानं प्रश्न विचारू नयेत.

"म्हणजे तो रोट त्या पत्रासाठी? जे मी..."

"ती पिशवी तरी तू पोचयतंस मां?" ताईनं डोळे बारीक केले. "की तीय सिनेमाक नेतंस?"

"पोचवतो! शपथ, पोचवतो!"

भावोजींना आता कुठे सगळं उमगलं. ते उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांच्या वाटच्या दोन नेवऱ्या, म्हणजे करंज्या, माझ्या बशीत ठेवल्या. सुनंदाचा राग मात्र निवळला नव्हता. डॉक्टरांचं नाव तिनं त्या संध्याकाळी सात वेळा काढलं.

ताईनं चहा पिऊन उरलेला सिनेमा लावायला सांगितला. शेवटपर्यंत बघितला. सगळ्यांत मोठी किंकाळी आली तेव्हा म्हणाली, "ह्या बायेन गाऱ्हाणा घालूक होया होता." मग दिवेलागण झाली. तिनं मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. माझे डोळे भरून आले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला हलकं वाटत होतं. हलकं कसलं, थोडा अभिमानच वाटत होता. मी धीर करून म्हटलं,

"ताई, म्हणजे एका अर्थी तुझं भलं माझ्याच हातून झालं म्हणायचं."

निरांजन हवेतच थांबलं.

"तुझ्या हातून? तू काय करतलंस! देवान केल्यान ता. त्या दिवशी तुका सिनेमाक जावची बुद्धी कोणी दिली?"

बत्तीस वर्षं मला वाटत होतं की आयुष्यात आपल्या हातून एक तरी मोठं काम झालं आहे, भले ते पाप का असेना. तेही देवानंच केलेलं निघालं. माझा वाटा एवढाच, की तिकीट मी काढलं होतं!