कशेळ्याची गॅलरी

कळंब सोडलं तेव्हा मी टेंपोच्या केबिनमध्ये होते आणि मागे हौद्यात सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा आदळत होत्या. अब्बांना त्या दिवशी शेलूच्या साइटवर माल पोचवायचा होता आणि मला शेलू स्टेशनवर. कल्याणला मामू भेटणार होता, तिथून अमरावतीची गाडी. एका फेरीत दोन कामं होतील, असं अब्बा म्हणाले होते आणि त्याचा मला राग आला होता. आज वाटतं, नुसतं मला सोडायला म्हणून निघायचं झालं असतं तर त्यांना ते जमलं नसतं.

माझे अब्बा गवंडी. कळंबपासून कशेळ्यापर्यंत कोणालाही युसूफ मिस्त्री विचारा, घर दाखवतील. मला बांधकामाच्या इंजिनीयरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ते खूश झाले नव्हते. फार्मसी कर म्हणत होते. ''साइट ही पोरींची जागा नाय,'' असं त्यांचं म्हणणं. आम्मीनं चुलीजवळूनच उत्तर दिलं होतं, ''ज्या घरात पोरी रांधनार, ते बांधताना त्यांनी बघितलं तर काय बिघडतं?'' दुसऱ्या दिवशी अब्बांनी माझ्या दाखल्यांच्या झेरॉक्स काढून आणल्या.

शेलूला त्यांनी माझी बॅग फलाटापर्यंत आणली. गाडी यायला वेळ होता. अब्बा सरळ समोर बघत म्हणाले, ''उद्या साइटवर उभी राहशील. मिस्त्रीचं काय चुकलं तर सांग. पन चारचौघांत नको. बाजूला घेऊन सांग.'' इतकंच. मग शेलूची माणसं खोळंबली असतील म्हणून ते निघून गेले.

अमरावतीत पहिले काही महिने मी फार कमी बोलले. ''नाय'' म्हटलं की वर्ग हसायचा. माझी रूममेट अचलपूरची. मेसच्या ताटातल्या तीन पोळ्या मी तशाच ठेवायची तेव्हा ती विचारायची, ''काऊन वं, जेवत नाही?'' भाताशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही, हे तिला पटायचंच नाही. तिकडचं ऊन कोरडं, जमीन काळी, आणि नजर जाईल तिथपर्यंत डोंगर नाही. आपल्याकडे कुठंही उभं राहिलं तरी पाठीशी माथेरानचा डोंगर असतो. तो नसला की पाठ उघडी पडल्यासारखी वाटते, हे मला तिथं गेल्यावर कळलं. गावातले जे कोणी पुण्याला, नाशकाला, कतारला गेले, त्यांना वेगळं सांगायला नको.

अभ्यास मात्र आवडायला लागला. अब्बांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेले शब्द पुस्तकात इंग्रजी नावांनी भेटत होते. दुसऱ्या वर्षी एकदा सरांनी वर्गात स्पंजचा लांब तुकडा आणला. त्याच्यावर पेनानं उभ्या रेघा मारल्या, एक टोक टेबलावर दाबून धरलं आणि बाहेर आलेलं टोक बोटानं खाली दाबलं. वरच्या बाजूच्या रेघा फाकल्या, खालच्या जवळ आल्या. ''घराबाहेर काढलेली गॅलरी अशी वाकते,'' सर म्हणाले. ''ताण वर येतो. म्हणून सळई वर पाहिजे. ती खाली बसली, तर असून नसल्यासारखी.''

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले. गावातच अब्बांचं एक काम चालू होतं, वरच्या मजल्याचा स्लॅब, पुढे चार फूट गॅलरी. मी सहज बघायला गेले. मिक्सर सुरू झालेला, घमेली वर चढत होती. माणसं सळ्यांवरूनच ये-जा करत होती आणि गॅलरीच्या सळ्या त्यांच्या पायांनी दबून फळ्यांना टेकल्या होत्या. त्यांना उचलून धरणाऱ्या खुर्च्या, म्हणजे सळईचेच वाकवलेले छोटे पाय, कुठंच नव्हते.

मी शिडीवरूनच म्हणाले, ''अब्बा, थांबवा. सळई खाली बसलीय. असाच माल ओतला तर गॅलरी पडेल.''

घरमालक खाली उभा होता. सगळ्यांनी ऐकलं. अब्बांचे फिटर हिराकाका, कशेळ्याच्या वरच्या ठाकूरवाडीतले, वीस वर्षं अब्बांबरोबर सळ्या बांधणारे, त्यांनी मान खाली घातली. अब्बांनी मिक्सर बंद करायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ''घरी जा.''

घरी येऊन मी ओट्यावर बसून राहिले. शेलूच्या फलाटावर त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. आम्मी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, ''तुझं खरं आसंल. पन तुझ्या बापाला आजपर्यंत साइटवर कोनी थांबवला नाय.'' मिक्सरचा आवाज घरापर्यंत यायचा. दोन तास तो आला नाही. नंतर सुरू झाला, तेव्हा मी ओट्यावरून उठले.

संध्याकाळी अब्बा आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. मी म्हणाले, ''अब्बा, माझं चुकलं. बाजूला घेऊन सांगायला हवं होतं.''

''बाजूला घेईपर्यंत माल पडला आसता,'' ते म्हणाले. ''हिरानं खुर्च्या बनवल्या. वर सळई लागते ते मला म्हाइत हाय. पन चालून चालून इतकी खाली बसते ते कधी वाकून बघितलं नाय. का लागते वर, ते सांग.''

मी टेंपो धुवायचा स्पंज आणला, रेघा मारल्या, पाटाच्या कडेवर धरून दाखवला. अब्बांनी तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः चार-पाच वेळा दाबून बघितला. मग विचारलं, ''आनी खाली राहिली तर किती वर्सं टिकंल?''

''सांगता येत नाही. एखादी टिकेलही. पण आधी वरच्या बाजूला भिंतीलगत चीर दिसते.''

त्यांनी ताट सरकवलं. उरलेला भात तसाच राहिला.

दोन दिवसांनी सकाळी त्यांनी मोटारसायकल काढली आणि मला म्हणाले, ''चल, कशेळ्याला जायचंय.'' आम्ही गेलो ते तात्यांकडे. तात्या भातशेतीवाले, आता म्हातारे झालेले. त्यांचं घर हे अब्बांनी स्वतःच्या जबाबदारीवर बांधलेलं पहिलं घर. मी तेव्हा चौथीत होते. वरच्या गॅलरीत भिंतीलगत एक चीर पडायची. पावसाळ्याआधी दरवर्षी अब्बा जाऊन ती सिमेंटनं भरून यायचे. पाणी झिरपतं एवढंच सगळ्यांना वाटायचं, त्यांनाही.

''युसूफ, या वर्षी लवकर आलास,'' तात्या म्हणाले.

अब्बा उभेच राहिले. ''तात्या, गॅलरीत कोनाला जाऊ देऊ नका. तिची सळई खाली राहिली आसंल. माझ्या हातनं राहिलीय.''

आत कोणीतरी पाट्यावर वाटण वाटत होतं, तो आवाज थांबला. पंधरा दिवसांनी तात्यांच्या नातीचा साखरपुडा होता. मांडव अंगणात, आणि बायका वर गॅलरीत उभ्या राहून बघणार, असं ठरलेलं. तात्यांनी वर गॅलरीकडे बघितलं. मग म्हणाले, ''तू सांगितलं नसतंस तर मला काय कळनार होतं?''

''तुमाला नसतं कळलं,'' अब्बा म्हणाले. ''पन मला परवा कळलं.''

तात्या चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं आणि अब्बांना म्हणाले, ''बस आता. उभा कशाला?''

दुपारपर्यंत हिराकाका टेकू घेऊन आले आणि गॅलरीखाली लावले. मी मापं घेतली, चिरेचे फोटो काढले, सरांना पाठवले. सरांनी फोटोवरून काही ठरवू नका, आधी जवळच्या इंजिनीयरला दाखवा, असं बजावलं. कर्जतचे एक इंजिनीयर येऊन बघून गेले. त्यांनी सांगितलं ते सरांनाही पटलं: गॅलरीच्या बाहेरच्या कडेखाली बीम घ्या, त्याला दोन खांब द्या. दोन्हीकडून आधार मिळाला की ताण वरून खाली येतो, आणि खाली बसलेली सळई कामाला लागते. मी हे अब्बांना समजावलं तेव्हा किती दिवसांनी ते हसले. ''म्हंजे इतकी वर्सं ती सळई खांबाची वाट बघत व्हती.''

साखरपुड्याला बायका अंगणातच बसल्या. खांब भरून झाले होते, पण अजून ओले होते आणि टेकू तसेच होते. पत्रिका आम्हालाही होती. तात्यांनी अब्बांना व्याह्यांशेजारी बसवलं आणि ओळख करून दिली, ''हे आमचे मिस्त्री.'' अब्बा जेवताना मान वर करत नव्हते. त्या उन्हाळ्यात ते आणि हिराकाका आणखी तीन घरी जाऊन आले. दोन ठिकाणी काही निघालं नाही. तिसऱ्या घरी टेकू लागले. त्या माणसानं खूप ऐकवलं, नंतर काम अब्बांना न देता दुसऱ्याला दिलं. अब्बांनी ते घरी येऊन सांगितलं आणि आंघोळीला गेले.

आता माझं शेवटचं वर्ष आहे. नोकरी बहुतेक नागपूरकडेच लागेल, म्हणजे कळंबला जाणं आणखी कमी होईल. आम्मीला ते माहीत आहे, तरी दर फोनला कधी येतेस म्हणून विचारते. मेसच्या पोळ्यांची सवय झाली, ''काऊन वं'' माझ्याही तोंडी बसलं. कळंबला गेले की आता तिथली पोरं माझ्या बोलण्याला हसतात. घर कुठं, असं कोणी विचारलं तर मी पूर्वी पटकन गावाचं नाव सांगायची. आता आधी अब्बा आठवतात, तात्यांच्या अंगणात उभे असलेले. चूक कबूल करणाऱ्या माणसाला जिथं बस म्हणतात, ते माझं घर, असं मला वाटतं. आणि जिथं त्याला ऐकवतात, तेही माझंच.

प्रत्येक स्लॅबच्या आधी अब्बा सळ्यांचे फोटो पाठवतात. गेल्या आठवड्यात कळंबच्या पुढच्या एका कामाचा आला. खुर्च्या जागेवर, सळई वर, सगळं बरोबर. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मी फोटो दोनदा मोठा करून बघितला आणि लिहिलं, कोपऱ्यातलं नीट दिसत नाही, अजून एक पाठवा.

त्यांनी लगेच पाठवला. त्यात सळ्या कडेला थोड्याशाच होत्या. बाकी सगळा माथेरानचा डोंगर होता.