पाच पातेल्यांचं मीठ

वसतिगृहातल्या स्वयंपाकीणमावशींचा घास दोन महिने छातीत अडकत होता. आज घशातून नळी घालून पोट तपासायचं होतं.

"काही खाल्लंत?" नर्सने विचारलं.

"छे. निघताना पाच पातेल्यांचं मीठ तेवढं चाखून पाहिलं."

"मग आज नाही. पोटातलं उलटून श्वासनळीत गेलं तर जिवावर बेतेल. तीन आठवड्यांनी या."

मावशींनी चिठ्ठी पुढे केली. "यात 'उपाशी या' एवढंच आहे. तीस वर्षं चाखतेय, त्याला कुणी जेवण म्हटलं नाही. हे आधी सांगायला काय तोंडात मिठाची गुळणी धरली होतीत? चूक तुमची आणि घास माझा अडकणार होय? उद्याची तारीख द्या."

मावशी खुर्चीवरून हलेनात. शेवटी नर्सने उद्याची तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'आठ तास काही चाखूही नये.'