विलासरावांचा तांदूळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सुनीताला कळलं असतं — आणि सुनीता माझी धाकटी बहीण. अडचण तिथेच आहे.

आधी माझी पायरी सांगतो. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारा, तेलाच्या आयातीच्या फायली पुढे सरकवणारा साधा सेक्शन ऑफिसर. पण नातेवाइकांत मी म्हणजे साक्षात भारत सरकार. पेट्रोल महागलं की फोन मला. आणि मीही म्हणायचो, "हां, बघतोय आम्ही." आम्ही!

सुनीताचे यजमान विलासराव पानिपतजवळच्या एका राइस मिलमध्ये भागीदार होते. त्यांचा बासमती इराणला जायचा. व्यवहार असा — आपण इराणचं तेल घ्यायचं, त्याचे रुपये इथल्याच बँकेत ठेवायचे, आणि त्या रुपयांतून इराणने आपला तांदूळ घ्यायचा. तेल आलं तरच तांदळाचे पैसे. इतकं सोपं, की मी ते जेवताना आमटीची वाटी इकडून तिकडे सरकवून समजावत असे.

मग अमेरिकेने इराणवर निर्बंध घातले. तिथलं तेल घेत राहायला आपल्याला काही महिन्यांची सवलत मिळाली. त्या दिवसांत एका रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते, आणि मी — पोट भरलं की मला परराष्ट्र धोरण सुचतं — ठणकावून सांगितलं, "तेल कोणाकडून घ्यायचं ते आपण ठरवणार. दुसरं कोण?" बायको तेवढी म्हणाली, "रोज साखर शेजारणीकडून आणायची, तर भांडण कोणाशी करायचं ते आपण नाही हो ठरवत." सगळे हसले. मला राग आला. बरोबर बोलली होती ना!

ऑफिसात मी रोज तेच बघत होतो. देशाला लागणारं बहुतेक तेल बाहेरचं. मग ज्यांच्याशी वाकडं घेणं परवडत नाही त्यांचं ऐकायचं, आणि जुन्या विक्रेत्याला गोड शब्दांत थांबवायचं. चिडचिड व्हायची — अजूनही होते. पण चिडून मी केलं काय? फाईल पुढे पाठवली.

आणि त्या रविवारनंतरच्याच आठवड्यात फायलीतून कळलं, की सवलत संपतेय आणि पुढे तिकडच्या तेलाची ऑर्डरच नाही. दुसरीकडून सोय झाली होती.

तेवढ्यात विलासरावांचा फोन. "दादा, मोठा माल तयार आहे. पार्टनर म्हणतो, रुको यार. मला बिल्कुल सुचत नाहीये. तुम्ही सांगाल ते."

ऑफिसातलं बाहेर सांगायचं नाही, मान्य. पण "यातलं मला बोलता येणार नाही" एवढं तरी म्हणता आलं नसतं का? "पार्टनरचं ऐका" — यात कुठलं गुपित फुटत होतं? पण मग रविवारच्या त्या भाषणाचं काय? चारचौघांत माझं हसं...

मी म्हणालो, "बिनधास्त पाठवा हो. मी आहे ना इथे."

मी आहे ना इथे.

माल गेला. तेल थांबलं. खात्यातले रुपये आटले, आणि तांदळाचे पैसे अडकले ते अडकलेच. विलासरावांना मिलमधला हिस्सा विकावा लागला. आता ते दुसऱ्याच्या मिलमध्ये मॅनेजर आहेत. नव्या मालकाला, वयाने लहान असला तरी, 'सर' म्हणतात. आणि घरात कधी कोणी माझी खेचलीच — "काय सरकार, तुम्हालाही पत्ता नव्हता?" — तर विलासरावच मधे पडतात. "दादांना कुठून कळणार? हे सगळं वरती ठरतं."

मी मान डोलावतो. इतकी वर्षं डोलावतोय.

परवा ते आले होते, नेहमीसारखी बासमतीची पिशवी घेऊन. पूर्वी घरचा असायचा, आता विकत घेऊन आणतात. बायकोच्या हातात देत म्हणाले, "वहिनी, जुना आहे, छान मोकळा होईल. दादांना आवडतो."

छान मोकळा झाला होता. मी दोनदा वाढून घेतला.