सव्वा मूठ दादर

श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते, त्याचा आदला दिवस, शनिवार. रक्कम दोनशे ऐंशी रुपये. हजर आम्ही तिघे: मी, पत्नी आणि अकरा वर्षांची मुलगी. जळगावच्या एका दुकानात ही रक्कम देऊन मी ग्लुटेन नसलेल्या ब्रेडचं पाकीट घेतलं आणि आम्ही धुळ्याच्या बसमध्ये बसलो. पारोळ्याला बस थांबली तेव्हा मुलीला भूक लागली होती. पाकीट उघडलं. वरचे दोन तुकडे चांगले होते, तिसऱ्यापासून खाली हिरवी बुरशी. मी पाकिटावरची तारीख पुन्हा वाचली, तिच्यात काही चूक नव्हती. मुलगी म्हणाली, "बाबा, तारीख वाचून बुरशी जात नाही." आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

तिला गहू चालत नाही. गव्हात ग्लुटेन असतं, त्याने तिच्या आतड्यांना इजा होते. दोन वर्षांपूर्वी हे निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की थोडंसुद्धा नको, गव्हाच्या गिरणीवर दळलेलं ज्वारीचं पीठही नको. तेव्हापासून ब्रेड शोधणं हे माझं दुसरं कामच झालं. काही दुकानदार तपकिरी ब्रेड पुढे करतात. एकाने मला शुगरवाल्यांची बिस्किटं दाखवली आणि वर म्हणाला, "यात साखरच नाही, बिनधास्त द्या." मागवलेला ब्रेड आला तर कधी भुसा होऊन येतो, कधी लादीसारखा कडक. घरी आम्ही धान्य निवडून छोट्या यंत्रावर दळतो, तिथे अडचण नाही. अडचण घराबाहेर पडलं की सुरू होते.

आणि सगळ्यात मोठी अडचण कानबाईची. आमच्याकडे कानबाईच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. आदल्या दिवशी सांगून ठेवलं की गिरणीवाला गिरणी धुऊन पुसून ठेवतो, मग ते दळण होतं. त्याचे जाड रोट करून देवीपुढे ठेवायचे आणि घरच्यांनीच संपवायचे. बाहेर तुकडाही जात नाही. गेल्या वर्षी माझी मुलगी त्या पंगतीत रिकामं ताट घेऊन बसली होती. रडली नाही, सगळ्यांना पाणी वाढत राहिली. ते पाणी वाढणं माझ्या मनातून गेलं नाही. जिचा प्रसाद माझ्या लेकराला बाधतो, त्या देवीपुढे हात जोडताना माझे हात अडायचे. हे मी कोणाला बोललो नव्हतो.

धुळ्यातल्या देवपुरात मोठ्या भावाच्या घरी पोहोचलो तेव्हा अक्का गहू मोजत होती. अक्का म्हणजे आमची चुलती, घरातल्या देवाचं सगळं तिच्या हाती. एकेकाचं नाव घेऊन ती मूठ टाकत होती. मुलीचं नाव आलं तशी मुलगी शांतपणे म्हणाली, "अक्का, माझी मूठ नको. मी खाणार नाही, मग उगाच कशाला?" अक्काचा हात तसाच राहिला. मी मुलीला घेऊन बाहेर पडलो. म्हटलं, निदान ब्रेड तरी शोधू.

चार दुकानं झाली. पाचवी एक जुनी बेकरी होती. गल्ल्यावरच्या चाचांना सगळं सांगितलं, तर त्यांनी टोस्टच्या बरणीवरचा हात काढून घेतला. "साहेब, माझ्याकडचं काहीच नका घेऊ. इथे हवेतसुद्धा मैदा आहे. बच्चीला आत पण नका आणू." गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाहिला. बाहेर आलो तर पायरीशी मक्याची कणसं विकणाऱ्या एका बाईने विचारलं, "पोरगी दादर खाते का?"

दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. मी म्हटलं, खाते, पण गिरणीवरची चालत नाही. "मग जातं आहे ना माझं," ती म्हणाली. ती शिरपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. शेत कोरडवाहू, म्हणून पावसाळ्यात कणसं घेऊन इकडे यायची आणि बेकरीमागे खोली घेऊन राहायची. दाणे गावचे, जातंही गावचं. "त्या जात्याने गहू पाहिला नाही, भाऊ. आमच्याकडे ज्वारी नाही तर मका."

आम्ही तिच्या खोलीवर गेलो आणि मी माझ्या सवयीप्रमाणे विचारत सुटलो. शेजारीण कधी दळून नेते का? दाणे कशात ठेवता? पोतं आधी कशाचं होतं? उत्तरं पटली, तरी जात्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जातं पाहायला आलात का सून पाहायला?" मुलगी इतकी हसली की मलाही हसू आलं.

"किती दळू?" तिने विचारलं. मी भाकरींचा अंदाज करत होतो, तोवर मुलगी म्हणाली, "सव्वा मूठ."

बाईने दाण्यांचा डबा पुढे केला. मुलीने स्वतःच्या नावाची मूठ स्वतः भरली, वर पाव मूठ टाकली. बाई म्हणाली, "एवढ्याशा मुठीत काय होतंय," आणि आपली एक भरलेली मूठ त्यात ओतली. मग दोघींनी खुंटा धरला. एकीचा हात वर, एकीचा खाली. पांढरंशुभ्र पीठ पडू लागलं.

पण परत येताना मला अक्काची धास्ती होती. रोट गव्हाचा, ही पिढ्यांची रीत. अक्का नाही म्हणाली असती तर मुलगी पुढच्या वर्षी आलीच नसती. दुसऱ्या दिवशी जळगावहून वेगळी आणलेली परात आणि तवा पत्नीने पुढे ठेवला आणि मी अक्काला पिठाचं सांगितलं. तिने चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन पाहिलं.

"मन्ही सासूना येळले घरमा गहू कोठे व्हता? बठ्ठा दादरज खायेत. तवय काय कानबाई उपाशी ऱ्हायनी का?" तिच्या सासूच्या काळात घरात गहू नव्हताच, सगळे दादरच खायचे. मग मुलीला म्हणाली, "आन इकडे. तुन्हा रोट मी थापसू."

तिने आधी हात धुतले, मुलीच्या सांगण्यावरून पुन्हा धुतले, आणि "तू तर मन्ही सासूनी सासू" असं पुटपुटत रोट थापला. देवीपुढे गव्हाच्या रोटांशेजारी वेगळ्या ताटलीत तो ठेवला. पंगतीत माझ्या मुलीच्या ताटात प्रसाद होता. तिचे चुलतभाऊ "आम्हाला पण दादरचा दे" म्हणून मागे लागले. "हात धुऊन या," ती म्हणाली आणि एकेकाला कोर मोडून देऊ लागली. मी हात जोडले. या वेळी ते अडले नाहीत.

बुरशीच्या ब्रेडपासून जात्यापर्यंत कोणी आणलं, हे मी सिद्ध करू शकत नाही. एवढंच कळतं की मी दुकानांत जे शोधत होतो ते माझ्या शोधण्याने मिळालं नाही. माझ्या हातातलं संपलं तेव्हा कोणीतरी पायरीवरून हाक मारली. ब्रेडचं पाकीट मी आजही प्रवासात बरोबर घेतो आणि तारीखही वाचतो. पण आता ते मिळालं नाही तर जीव घाबरा होत नाही.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झाल्यावर आम्ही त्या बाईकडे गेलो. रोट बाहेर देता येत नाही, म्हणून मी शंभराची नोट पुढे केली. ती म्हणाली, "देवीच्या दळणाचे एवढे पैसे? सव्वा मूठ दळलं, सव्वा रुपया द्या." चार आण्याचं नाणं आता चालत नाही. मुलीने तिच्या हातावर एक रुपया ठेवला. उरलेला पाव रुपया पुढच्या कानबाईला, असं त्या दोघींनी आपसात ठरवून टाकलं.