दोनच बोल्ट

सदर भागातल्या एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिक आहे. सहा वर्षं माझी मोटारसायकल त्याच्याच हाताखालून जाते, पण नाव मी कधी विचारलं नाही. काम लहान असो की मोठं, गाडी परत देताना तो हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवतो आणि तार कुठं अडते का, ते मान तिरपी करून ऐकतो.

गेल्या वर्षी मी तिथं लेगगार्ड घेतला. बसवायची मजुरी तीनशे रुपये, असं काउंटरवर सांगितलं. मी सगळ्यांदेखत आवाज चढवला, "दोनच बोल्ट तर आहेत!" त्या मेकॅनिकनं लेगगार्ड माझ्या हातात दिला.

"बसवल्यावर हँडल फिरवून पाहजा, भाऊ," एवढंच म्हणाला.

मी तो घरीच बसवला, शेजाऱ्यांना दाखवलाही. हँडल काही फिरवून पाहिलं नाही.

पुढच्या सर्व्हिसिंगला त्यानं हँडल वळवलं आणि तो थांबला. क्लचची तार मी लेगगार्डच्या पट्टीखाली दाबून टाकली होती. प्रत्येक वळणावर ताणली जाऊन ती झिजली होती, दोन-तीन धागेच उरले होते. रोज मागे माझी लेक बसत होती.

त्यानं नवी तार टाकली, बोल्ट पुन्हा कसले. जॉबकार्डावर फक्त तार लिहिली. मी तीनशे रुपये पुढे केले.

"कायचे पैसे, भाऊ? दोनच बोल्ट तं होते."

टोमणा असता तर परवडलं असतं. पण तो अगदी साधेपणानं बोलला, आणि हँडल उजवीकडे वळवून पुन्हा ऐकू लागला.