बारा पेरांचं गाणं

त्या पास्टरवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे. सोडून दे, क्षमा कर, असं सांगणारे पुष्कळ भेटले. ज्यांना करायची त्यांनी करावी.

बाबा ख्रिस्ती, आई हिंदू. लग्नाच्या वेळी आईच्या वडिलांनी एकच अट घातली होती: माझ्या मुलीला तुमचा धर्म शिकवायचा नाही, एक अक्षरही नाही. बाबांनी शब्द दिला आणि तिला दिल्लीला, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये घेऊन आले. देवघरात तिचा गणपती, भिंतीवर बाबांचा क्रूस, आणि दोघांचं बिल्कुल छान चाललं होतं.

नाताळच्या आठवड्यात चर्चची मंडळी दारोदार गात यायची. त्यांचं एक इंग्रजी गाणं होतं, बारा दिवसांच्या बारा भेटींचं, त्यातल्या बऱ्याचशा पक्ष्यांच्याच. दर कडव्याला एक भेट वाढायची आणि मागच्या सगळ्या पुन्हा मोजायच्या. देवाच्या नावाने हे लोक पक्षी कसले मोजतात, असं आईने एकदा करंज्या लाटता लाटता विचारलं. बाबा म्हणाले, त्यात गुपित आहे. पूर्वी विलायतेत काही लोकांना आपला धर्म उघडपणे शिकवायची बंदी होती, म्हणून त्यांनी तो गाण्यात लपवला. दोन म्हणजे जुना आणि नवा करार, चार म्हणजे चार शुभवर्तमानं, दहा म्हणजे दहा आज्ञा, अकरा म्हणजे अकरा शिष्य. आईला कोडी भारी आवडायची. चार बोटांची बारा पेरं, त्यांवरून अंगठा फिरवत तिने सगळं पाठ करून टाकलं. अकराव्या पेराशी थांबून विचारायची, शिष्य तर बारा होते ना, मग एक कुठे गेला? फितूर झाला, असं बाबा सांगायचे. मी तेव्हा फ्रॉकात होते, पिठाचा गोळा मळत हे ऐकत बसायची.

बाबा गेले तेव्हा त्यांना चर्चच्या कब्रस्तानात पुरलं. शेजारी एक जागा होती. आईला ती हवी होती, दुसरं काही नको. बाप्तिस्मा घेतलेल्यालाच मिळते, असं कमिटी म्हणाली. मग घेते, म्हणाली आई. त्याआधी पास्टर प्रश्न विचारणार होते, म्हणून डिसेंबरात मी तिला गुरुग्रामच्या माझ्या घरून कॅबने घेऊन गेले. तिचं हृदय तेव्हाच थकलं होतं. डॉक्टरांनी जिनेसुद्धा बंद केले होते.

पास्टर माझ्याहून लहान. आमच्या विश्वासाबद्दल काय ठाऊक आहे, असं त्यांनी हिंदीत विचारलं. आईने अंगठा पहिल्या पेरावर ठेवला आणि बाराव्यापर्यंत न अडखळता सगळं सांगितलं. कुठे शिकलात म्हणून विचारलं, तर म्हणाली, नाताळच्या गाण्यात. ते हसले. सत्तरीला आलेल्या बाईला हसले. मग मोबाइल काढून वाचायला लागले. म्हणाले, "आंटीजी, ये सब तो बाद में बनाई हुई बात है." गाणं म्हणजे नुसता पोरांचा आठवणीचा खेळ, गुपितबिपित काही नाही. नव्या वर्षात सहा महिन्यांचा क्लास करा, मग बघू.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाण्याची गोष्ट खोटी असेल, पण हिचं उत्तर कुठलं चुकलं ते सांगा, असं मी त्यांना विचारलं. आज्ञा दहाच्या नऊ झाल्या का? काय सांगणार, कप्पाळ! आईनेच मला चिमटा काढून गप्प केलं.

परतताना कॅबमध्ये तिने विचारलं, तुला माहीत होतं? होतं. कॉलेजात असताना कुठेतरी वाचून मी मोठ्या शहाणपणाने बाबांना सांगायला गेले होते. आईला बोलू नकोस, एवढंच ते म्हणाले होते. आता मला त्यांचाही संताप आला. सरळ शिकवलं असतं तर आज तिच्यावर ही पाळी आली असती का? तसं मी बोलूनही दाखवलं.

"अगं, माझ्या वडिलांना शब्द दिला होता ना त्यांनी," आई म्हणाली. "उघड कसं शिकवणार? मला तेव्हाच कळलं होतं."

विलायतेत कुणी काही लपवलं असेल नसेल. आमच्या स्वयंपाकघरात मात्र लपवलं होतं, आणि जिच्यासाठी लपवलं तिला ते सापडलंही होतं. हे पास्टरांच्या मोबाइलमध्ये कुठून असणार?

ती क्लासला गेली. वही-पेन घेऊन, दर रविवारी, धापा टाकत. मे महिन्यात तिला हॉस्पिटलमध्ये ठेवलं, तेव्हा मी पास्टरांना फोन करून विनवलं, येऊन आत्ताच बाप्तिस्मा द्या. थोडेच क्लास राहिलेत, म्हणाले, बऱ्या झाल्या की रीतसर करू. तिसऱ्या दिवशी आम्ही आईला स्मशानघाटावर नेलं.

नंतर ते घरी भेटायला आले. सोफ्यावर बसून सांगायला लागले की आंटीजी क्लासमध्ये सगळ्यांत हुशार होत्या, सगळं पाठ होतं त्यांना. मी म्हटलं, मग तिच्या अस्थी तरी बाबांशेजारी पुरू द्या. नियम नाही, म्हणाले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.